आज्ञेचा धर्म आणि लू शुन

फॅसिझम हा शब्द उच्चारला की मुसोलिनीच्या अनुयायांचे काळे सदरे आणि हिटलरचे झेंडे डोळ्यांसमोर उभे राहतात. पाठ्यपुस्तकांतून तो तेवढाच आपल्यापर्यंत येतो. परंतु १९३०च्या दशकात हीच विचारसरणी चीनमध्येही आली आणि तेथे तिने परक्या गणवेशावर स्वदेशी शाल पांघरली. अडीच हजार वर्षांपूर्वीचे गुरू कन्फ्यूशियस यांचे नाव ती घेऊ लागली. शिष्टाचार, सचोटी, लज्जा या घराघरांत आदराने उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांतून ती बोलू लागली. त्यामुळे तिचे खरे रूप ओळखणे सामान्य माणसाला सोपे नव्हते. ज्यांनी ते ओळखले आणि जिवाला धोका असतानाही लिहून ठेवले, त्यांत चिनी लेखक लू शुन अग्रभागी होते.

या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र आम्ही निवडले, त्याला दोन कारणे आहेत. धर्मग्रंथांच्या आधाराने उभारलेली उतरंड माणसाच्या मनात कशी शिरते, हे त्यांनी आपल्या कथांतून दाखविले. बाबासाहेबांच्या विचारांवर वाढलेल्या वाचकाला ते सारे ओळखीचे वाटेल. दुसरे कारण आपल्या शाळेशी निगडित आहे. निवासी शाळेचा एकही दिवस शिस्तीवाचून सरत नाही. शिस्तीने माणूस घडतो आणि शिस्तीनेच तो मोडलाही जातो. या दोन शिस्तींतील भेद लू शुन यांच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

शाओशिंगचे घर

लू शुन हे त्यांचे लेखणीचे नाव. त्यांचे खरे नाव चौ शूरन. २५ सप्टेंबर १८८१ रोजी झेजियांग प्रांतातील शाओशिंग या नगरात त्यांचा जन्म झाला. घराणे जमीनजुमला असलेले व विद्वानांचे होते. आजोबांनी राजधानीतील सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण करून बादशहाच्या हानलिन या विद्यापीठात स्थान मिळविले होते. त्या काळी चीनमध्ये सरकारी अधिकारी होण्याची राजमान्य वाट ही परीक्षाच होती. कन्फ्यूशियस व त्यांच्या परंपरेतील ग्रंथ मुखोद्गत करायचे, ठराविक साच्यात निबंध लिहायचे आणि एकेक पायरी चढत जायचे, अशी ही पद्धत सुमारे तेराशे वर्षे चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. कोट्यवधी लोकांचा देश एकाच ग्रंथसंग्रहाच्या पाठांतरावर चालविला जात होता.

१८९३ मध्ये या घरावर आघात झाला. मुलाला परीक्षेत यश मिळावे म्हणून आजोबांनी परीक्षकाला लाच देऊ केली आणि ते पकडले गेले. त्यांना मृत्युदंड फर्मावण्यात आला. त्याची अंमलबजावणी झाली नाही, तरी पुढे अनेक वर्षे त्यांना तुरुंगात काढावी लागली. लू शुन यांचे वडील त्याच काळात आजारी पडले. बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा घरातील वस्तू घेऊन सावकाराच्या दुकानात जाई आणि गहाणाचे पैसे घेऊन औषधाच्या दुकानात. वैद्य नामांकित होते. एकाने रातकिड्यांची अशी जोडी आणावयास सांगितली, जी आरंभापासून एकत्र राहिलेली असेल. कारण औषधालाही पातिव्रत्याची अट होती. पोट ढोलासारखे फुगले म्हणून फुटक्या ढोलाच्या कातड्याची गोळी देण्यात आली. १८९६ मध्ये वडील वारले. ग्रंथातील शब्दसाम्यावर माणसाचे प्राण टांगणारी ही विद्या त्या मुलाने इतक्या जवळून पाहिली, की पुढे आयुष्यभर तो तिला विसरू शकला नाही.

उतरंडीचे शास्त्र

येथे कन्फ्यूशियस यांच्याविषयी न्यायाने बोलले पाहिजे. इ. स. पू. ५५१ ते ४७९ हा त्यांचा काळ मानला जातो, म्हणजे ते तथागतांच्या युगातीलच होत. ते स्वतः शिक्षक होते. गरिबीमुळे कोणा शिकू इच्छिणाऱ्याला त्यांनी परत पाठविले नाही, असे त्यांच्या शिष्यांनी नोंदवून ठेवले आहे. माणुसकी हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता. त्यांच्या परंपरेतील मेन्सियस यांनी तर राजापेक्षा प्रजेचे महत्त्व अधिक मानले.

परंतु राजसत्तेने या शिकवणुकीतून आपल्याला हवे तेवढे उचलले. हान राजवटीच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, ती राज्याची अधिकृत विचारसरणी झाली आणि तिच्यातून तीन बंधने पक्की करण्यात आली : प्रजेने राजाच्या, पुत्राने पित्याच्या आणि पत्नीने पतीच्या अधीन राहावे. घर ही राज्याची पहिली शाळा ठरली. जो मुलगा बापासमोर मान वर करीत नाही, तो मोठेपणी अधिकाऱ्यासमोरही करणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. बादशाही कायदाही याच मापाने चाले. मुलाने बापावर हात उगारला तर देहदंड आणि बापाने मुलाला मारले तर सौम्य शिक्षा किंवा ती सुद्धा नाही. गुन्हा कोणता यापेक्षा तो कोणी कोणाविरुद्ध केला, यावर दंड ठरत असे. मनुस्मृतीतील दंडविधान ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्याकडे उतरंड मुख्यतः जन्मजातीवर उभी होती. तेथे ती वय, लिंग आणि पद यांवर उभी होती. दोन्हीकडे खालच्याने प्रश्न विचारणे हाच मोठा अपराध होता.

बौद्ध धम्म चीनमध्ये गेला, तेव्हा त्याचा खटका याच ठिकाणी उडाला. भिक्खू पित्याचे घर सोडतो, वंश चालवीत नाही आणि राजापुढे वाकत नाही, ही कन्फ्यूशियसवादी विद्वानांची मोठी तक्रार होती. इ. स. ४०४ मध्ये हुइयुआन या चिनी भिक्खूंनी, श्रमणाने राजाला नमन का करू नये, यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सत्तेपुढे ताठ उभे राहण्याचे बौद्ध परंपरेतील ते एक मोलाचे उदाहरण आहे.

आणखी एक गोष्ट. शाओशिंगच्या परिसरात त्वोमिन, म्हणजे पतित जन, या नावाने ओळखला जाणारा एक समाज होता. लग्नात वाजविणे, मयताच्या व सणासुदीच्या सेवा करणे अशी हलकी मानलेली कामे त्यांच्याकडे वंशपरंपरेने होती. इतरांशी त्यांचे विवाह होत नसत आणि सरकारी परीक्षेची दारे त्यांना बंद होती. १७२३ मध्ये बादशहाने त्यांचा हीन दर्जा कागदोपत्री रद्द केला, तरी व्यवहार चालूच राहिला. लू शुन यांनी १९३३ मध्ये या समाजावर एक लेख लिहिला. १९११च्या क्रांतीनंतर त्यांच्या आईने घरी येणाऱ्या अशाच एका स्त्रीला सांगितले, की आता सगळे समान झाले, तुम्ही यापुढे सेवेला आला नाहीत तरी चालेल. ती स्त्री आनंदण्याऐवजी संतापली. पिढ्यान्पिढ्यांचा तो आपला हक्क आहे, असे तिचे म्हणणे होते. थोड्याशा बक्षिसीसाठी गुलामीलाच हक्क समजण्याची ही अवस्था पाहून लू शुन व्यथित झाले. महार वतनाच्या भाकरीविरुद्ध बाबासाहेबांना आपल्याच माणसांची समजूत घालावी लागली होती, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचे दुःख अधिक कळेल.

वैद्यकाकडून साहित्याकडे

१८९८ मध्ये लू शुन नानजिंगच्या नौदल विद्यालयात आणि नंतर खाण व रेल्वे विद्यालयात दाखल झाले. तेथे शिक्षण विनामूल्य होते. परंतु परीक्षेची वाट सोडून शिपाईगिरीच्या शाळेत जाणे हे घराण्याला कमीपणा आणणारे मानले गेले. चौ शूरन हे नाव त्यांना मिळाले ते याच वेळी. वंशावळीतील मूळ नाव अशा शाळेच्या पटावर नको होते. तेथे त्यांनी उत्क्रांतिवादावरील हक्सलेच्या ग्रंथाचे चिनी भाषांतर वाचले. जग बदलते आणि जुने तेच श्रेष्ठ असा काही नियम नाही, हा विचार त्यांना त्या ग्रंथातून मिळाला.

१९०२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर जपानला गेले. मांचू बादशाहीची खूण असलेली वेणी त्यांनी तेथेच कापली. १९०४ मध्ये सेंदाईच्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. वडिलांसारख्या रुग्णांना वाचवावे, ही इच्छा त्यामागे होती. तेथील शरीररचनाशास्त्राचे अध्यापक फुजिनो या परदेशी विद्यार्थ्याच्या वह्या दर आठवड्याला मागून घेत आणि लाल शाईने पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून देत. भाषेच्या चुकाही सोडीत नसत. लू शुन यांनी त्यांचे छायाचित्र पुढे आपल्या अभ्यासिकेत लावून ठेवले. शिक्षकाचा आदर भीतीतून येत नाही, तो अशा श्रमांतून येतो.

याच विद्यालयात घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे लिहून ठेवला आहे. रशिया-जपान युद्धाची चित्रे वर्गात पडद्यावर दाखविली जात होती. एका चित्रात रशियाचा हेर ठरविलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद जपानी सैनिक करीत होते आणि भोवती धडधाकट चिनी लोकांचा जमाव तमाशा पाहावा तसा उभा होता. त्या चेहऱ्यांवर कसलीच वेदना नव्हती. शरीर बळकट करून काय साधणार, आधी मन जागे झाले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९०६ मध्ये त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सोडला.

त्याच वर्षी आईने ठरविलेल्या चू आन या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ती निरक्षर होती आणि तिचे पाय जुन्या चालीप्रमाणे बांधलेले होते. आईची आज्ञा त्यांनी मोडली नाही. परंतु पत्नी म्हणून तिला कधी स्वीकारलेही नाही. पुढे शांघायमध्ये ते आपल्या पूर्वीच्या विद्यार्थिनी शू क्वांगफिंग यांच्यासमवेत संसार करू लागले आणि चू आन सासूची सेवा करीत बीजिंगमध्ये राहिल्या. १९४७ मध्ये तेथेच त्या वारल्या. हा भाग झाकून लू शुन यांचे चरित्र सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही. आज्ञेच्या धर्माने त्यांचे तारुण्य गिळले, हे खरे. त्याची अधिक मोठी किंमत मात्र त्या स्त्रीने मोजली, आणि तिच्या हाती लेखणी नव्हती.

ग्रंथांच्या ओळींमधून

१९११च्या क्रांतीने बादशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. १९१२ मध्ये छाय युआनपेई शिक्षणमंत्री झाले. त्यांनी शाळांतील कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे सक्तीचे पठण बंद केले आणि लू शुन यांना आपल्या खात्यात बोलावून घेतले. परंतु लवकरच सेनानी युआन शिकाई यांच्या हाती सत्ता एकवटली. स्वतः बादशहा होण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती आणि त्यासाठी त्यांनी प्रथम हात घातला तो कन्फ्यूशियसच्या पूजेला. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष असलेल्या या सेनानीने स्वतः ती पूजा केली आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस बादशाहीची घोषणा केली. विरोध उसळला, घोषणा मागे घ्यावी लागली आणि १९१६ मध्ये ते मरण पावले. शिक्षण खात्याचे अधिकारी म्हणून लू शुन यांनाही त्या काळात पूजाविधींना हजर राहावे लागले. धर्माचा जयघोष आणि हुकूमशाहीची तयारी एकाच हाताने कशी होते, हे त्यांनी सरकारी खुर्चीतून पाहिले.

या निराशेच्या वर्षांत ते रात्री एकट्याने जुने शिलालेख उतरून काढीत आणि बौद्ध सूत्रांचे अध्ययन करीत. १९१४ मध्ये आईच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी स्वतःच्या पैशाने नानजिंगच्या सूत्र-मुद्रणालयाकडून शंभर दृष्टान्तांचे सूत्र छापून घेतले. मूर्ख समजुतींची गमतीदार गोष्टींतून उकल करणारा हा ग्रंथ संघसेन या भारतीय भिक्खूंचा असून पाचव्या शतकाच्या अखेरीस तो चिनीत गेला होता. ते बौद्ध उपासक होते असा दावा आम्ही करीत नाही. मात्र त्यांच्या छोट्या, बोचऱ्या कथांच्या मागे या दृष्टान्तांचा अभ्यास होता, याची आपण नोंद घ्यावी.

मे १९१८ मध्ये नवतारुण्य या नावाच्या मासिकात त्यांची वेड्याची रोजनिशी ही कथा प्रसिद्ध झाली. लू शुन हे नाव प्रथम तिच्यावर छापले गेले. त्यातील लू हे त्यांच्या आईच्या माहेरचे आडनाव. कथेतील माणसाला वेड लागले आहे. सदाचाराने भरलेला इतिहासग्रंथ तो रात्रभर वाचीत बसतो आणि ओळींच्या मधून त्याला दिसते, की पानापानांवर माणसे खाण्याचीच गोष्ट लिहिली आहे. आपणही नकळत त्या पंगतीला बसलो असू, या जाणिवेने तो हादरतो. ज्यांनी अजून माणूस खाल्लेला नाही अशी मुले तरी उरली असतील काय, या काळजीपाशी कथा संपते. ही कथा त्यांनी पंडिती भाषेत न लिहिता बोलीच्या जवळच्या भाषेत लिहिली. ज्ञान मूठभरांच्या कोठडीतून बाहेर काढण्याचाच तो एक मार्ग होता.

पुढच्या कथांतून त्यांनी ही माणसे एकेक करून दाखविली. खुंग यीची हा परीक्षेत नापास झालेला पंडित पोटासाठी पुस्तके चोरतो, मार खाऊन पाय मोडून घेतो आणि दारूच्या दुकानातील गिऱ्हाइके त्याला हसतात. औषध या कथेत क्षयी मुलासाठी आईबाप शिरच्छेद केलेल्या क्रांतिकारकाच्या रक्तात बुडविलेली पोळी विकत आणतात. ज्यांच्यासाठी तो मेला, त्यांना त्याच्या रक्ताचा एवढाच उपयोग ठाऊक असतो. आ-क्यू हा भूमिहीन मजूर प्रत्येक अपमानानंतर आपणच जिंकलो अशी मनाची समजूत घालतो आणि अखेरीस न केलेल्या गुन्ह्यासाठी मारला जातो.

नववर्षाचा नैवेद्य या १९२४ मधील कथेने आम्हांला सर्वांत अस्वस्थ केले. दोनदा विधवा झालेली एक मोलकरीण. मेल्यावर दोन नवऱ्यांत वाटणी करण्यासाठी तुला करवतीने चिरतील, अशी भीती तिला घातली जाते. ती वर्षभराची कमाई देवळाला देते, पापातून सुटलो असे समजून हर्षभराने मालकिणीच्या घरी पितरांच्या नैवेद्याची भांडी उचलू लागते. आणि मालकीण तिला हात लावू नकोस म्हणून थांबविते. कोणी तिला मारीत नाही, कोणी शिवी देत नाही. त्या एका नकाराने ती आतून मरते. स्पर्श नाकारण्यात किती हिंसा असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकविण्याची गरज नाही.

याच मासिकाभोवती जमलेल्या तरुण विचारवंतांत हू शी हे एक होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ पासून त्यांनी जॉन ड्युई यांच्या हाताखाली अध्ययन केले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबही त्याच विद्यापीठात होते आणि ड्युई त्यांचेही गुरू होते. ४ मे १९१९ रोजी बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्याच्या काही दिवस आधीच ड्युई चीनमध्ये व्याख्यानांसाठी दाखल झाले होते. रूढीला अनुभवाच्या आणि बुद्धीच्या कसोटीवर तपासावे, ही एकच शिकवण दोन प्राचीन देशांत एकाच पिढीत पोचली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा चीनमधील ग्रंथप्रामाण्याविरुद्धचा लढा दहा वर्षांचा झाला होता.

विद्यार्थ्यांच्या बाजूने

लू शुन बीजिंगच्या महिला अध्यापक विद्यापीठात चिनी कथासाहित्याचा इतिहास शिकवीत. १९२५ मध्ये तेथील विद्यार्थिनींनी प्राचार्यांच्या घरंदाज सासूसारख्या कारभाराविरुद्ध आवाज उठविला. लू शुन विद्यार्थिनींच्या बाजूने उभे राहिले, म्हणून शिक्षणमंत्र्यांनी त्यांना नोकरीवरून काढले. त्यांनी दावा लावला आणि जिंकला. १८ मार्च १९२६ रोजी परकीय सत्तांच्या धमकीविरुद्ध निघालेल्या मोर्चावर सरकारी रक्षकांनी गोळ्या झाडल्या. सत्तेचाळीस जण मरण पावले. त्यांत लू शुन यांची विद्यार्थिनी लिऊ हचन होती. तिच्यावरील त्यांचा मृत्युलेख शिक्षकाने विद्यार्थिनीवर लिहिलेला आहे. उलट क्रमाने लिहिला जावा असा तो लेख होता.

१९२७च्या आरंभी ते क्वांगचौ येथील सन यत-सेन विद्यापीठात गेले. एप्रिलमध्ये च्यांग कै-शेक यांच्या कुओमिंतांग पक्षाने आपल्याच सहकारी कम्युनिस्टांची आणि कामगारांची कत्तल आरंभिली. विद्यापीठातील विद्यार्थीही पकडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी लू शुन यांनी प्रयत्न केले, ते व्यर्थ गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. या वेळी त्यांची एक जुनी श्रद्धा कोसळली. तरुण पिढी ही वृद्धांपेक्षा नेहमीच पुढची असते, असे ते मानीत आले होते. तरुणच तरुणांची नावे कळवितात आणि त्यांना पकडून देतात, हे त्यांनी पाहिले. आज्ञा पाळण्याची सवय लागलेल्या मनाला वय नसते. जुना मालक गेला की ते नवा शोधते.

निळे सदरे आणि नवे जीवन

ऑक्टोबर १९२७ पासून ते शांघायमध्ये राहू लागले. पुढील नऊ वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याची होती. ७ फेब्रुवारी १९३१ रोजी शांघायजवळ लुंगहुआ येथे दोन डझनांच्या आसपास तरुणांना गुप्तपणे गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत पाच तरुण लेखक होते आणि त्यांपैकी रौ शी हे लू शुन यांना मुलासारखे होते. त्या दिवसांत लू शुन यांनाही पत्नी-मुलासह लपून राहावे लागले.

१९३२ मध्ये च्यांग यांच्या निष्ठावान लष्करी अधिकाऱ्यांनी एक गुप्त संघटना उभारली. निळे सदरे या नावाने ती ओळखली जाऊ लागली. एक नेता, एक पक्ष आणि निःशंक आज्ञापालन हे इटली व जर्मनीतील सूत्र त्यांनी उचलले. फेब्रुवारी १९३४ मध्ये च्यांग यांनी नानचांग येथून नवजीवन चळवळ सुरू केली. तिचे चार आधारस्तंभ कन्फ्यूशियसच्या परंपरेतून घेतले होते : शिष्टाचार, औचित्य, सचोटी आणि लज्जा. गुंड्या लावा, थुंकू नका, रस्त्यात धूम्रपान करू नका, सरळ चाला, आवाज न करता जेवा, असे डझनावारी नियम निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कन्फ्यूशियसची जयंती सरकारी सोहळा म्हणून साजरी झाली.

स्वच्छता वाईट कशी असेल? प्रश्न नियमांचा नव्हता. शेतकऱ्याला जमीन नव्हती, मजुराला भाकरी नव्हती, १९३१ पासून मांचुरिया जपानच्या ताब्यात होता. या साऱ्याचा जाब सरकारला विचारायचा; त्याऐवजी सरकारच प्रजेला गुंड्यांचा जाब विचारू लागले. देशाच्या दुर्दशेचे कारण प्रजेचे दुर्वर्तन ठरले आणि उपाय ठरला लष्करी कवायतीसारखे जीवन. फॅसिझमला आज्ञाधारक माणूस हवा होता. तीन बंधनांच्या शिकवणुकीने तो शतकानुशतके घडवून ठेवला होता. दोघांची गाठ पडली ती या ठिकाणी. १९३५ मध्ये लू शुन यांनी कन्फ्यूशियसवर लेख लिहिला. या गुरूला जनतेने कधी आपला मानला नाही, राज्य करू पाहणाऱ्यांनी त्याला उंचावर बसविले आणि आपले काम साधण्यापुरता वापरला, हा त्यांचा निष्कर्ष होता.

जर्मनीत १० मे १९३३ रोजी ग्रंथांच्या होळ्या पेटल्या. तीनच दिवसांनी, १३ मे रोजी, सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग, छाय युआनपेई, यांग शिंगफो आणि लू शुन शांघायच्या जर्मन वाणिज्य दूतावासात निषेधपत्र घेऊन गेले. ज्यू लोकांचा छळ आणि विचारवंतांची मुस्कटदाबी यांविरुद्ध ते पत्र होते. नागरी हक्कांसाठी स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचे हे काम होते. १८ जूनला त्याच संघटनेचे कार्यवाह यांग शिंगफो यांचा मुलासमवेत बाहेर पडत असताना गोळ्या घालून खून झाला. तो सरकारच्या हेरखात्याने घडवून आणला होता. पुढचे नाव लू शुन यांचे असेल, असे सर्वत्र बोलले जात होते. तरीही ते अंत्यविधीला गेले. जाताना घराची किल्ली बरोबर नेली नाही, असे त्यांचे समकालीन सांगतात. परत येण्याची खात्री त्यांनी धरली नव्हती.

फेब्रुवारी १९३४ मध्ये शांघायमध्ये १४९ पुस्तकांवर बंदी आली. लू शुन नवनवी टोपणनावे घेऊन वृत्तपत्रांत छोटे लेख लिहीत राहिले. एक नाव ओळखले गेले की दुसरे. आयुष्यभरात अशी शंभरावर नावे त्यांनी वापरली. क्षयरोगाने शरीर पोखरले होते. १९ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते गेले. हजारो लोक, त्यांत विद्यार्थी आणि कामगार मोठ्या संख्येने, त्यांच्या अंत्ययात्रेत चालले.

पुतळा आणि पुस्तक

मृत्यूच्या महिनाभर आधी लिहिलेल्या लेखात त्यांनी आपली कोणतीही स्मृती साजरी करू नये असे कुटुंबीयांना सांगितले होते. घडले उलटेच. १९४०च्या आरंभी माओ यांनी त्यांना नव्या संस्कृतीचे सेनापती ठरविले. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत, शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून मारहाण होत असताना, लू शुन यांची वचने आधाराला घेतली जात होती. १९७४ मध्ये कन्फ्यूशियसविरोधी मोहीम निघाली, तीही वरून आलेल्या आज्ञेने, आणि तीतही त्यांचे नाव वापरले गेले. ग्रंथप्रामाण्याविरुद्ध लढलेल्या माणसाचेच ग्रंथप्रामाण्य उभे राहिले. कन्फ्यूशियसला विरोध करणारेही आज्ञेचाच धर्म चालवीत होते.

आपण जयंत्या साजऱ्या करणारी माणसे आहोत. त्यामुळे या शेवटाकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला. ती वाट हुकूमशाहीकडे जाते, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच भाषणात त्यांनी बौद्ध भिक्खुसंघाच्या सभानियमांचे स्मरण करून दिले. संघात ठराव मांडला जाई, तो सर्वांपुढे पुन्हा विचारला जाई, मतभेद असल्यास मत घेतले जाई. विनयाचे नियमही कडक होते, पहाटेची घंटा तेथेही होती. पण तो नियम कशासाठी आहे हे प्रत्येकाला माहीत असे आणि त्यावर बोलण्याचा अधिकार प्रत्येकाला असे. निवासी शाळेने आपली शिस्त या परंपरेतून घ्यावी, असे आम्हांला वाटते. आमच्या मुलांनी पहाटे उठावे, गुंड्या लावाव्यात, अंथरूण नीट घडी करावे. आणि एखादा नियम अन्यायाचा वाटला तर उभे राहून तसे सांगावेही. सांगणाऱ्या मुलाला खाली बसविण्याची घाई कोणत्याही शिक्षकाने करू नये.

लू शुन यांच्या कथा हिंदी व इंग्रजी भाषांतरांतून मिळतात. माजी विद्यार्थ्यांनी त्या मिळवून वाचाव्यात. बाबासाहेबांचे ग्रंथही असेच वाचावेत, पानावर पेन्सिलीने प्रश्न लिहीत.